देश नसलेल्या मुलाचा सूर

बेळगाव शहर मागे टाकून खानापूरच्या वाटेला लागले की मच्छे गाव येते. कारखाने, मालमोटारी आणि रस्त्याकडेची चहाची दुकाने यांपलीकडे प्रवाशाच्या नजरेत भरावे असे तेथे फारसे काही नाही. गोव्याकडे येणाऱ्या मोटारी तेथे क्वचितच थांबतात. तथापि हा रस्ता साधा नव्हे. गोव्याच्या आणि दक्षिण कोकणच्या माणसाचे बेळगावशी असलेले नाते अशाच घाटवाटांनी जोपासले गेले. भाजीपाला आणि दूध या वाटांनी खाली उतरते, लग्नाचा बस्ता बांधायला माणसे याच वाटांनी वर चढतात; आणि पिढ्यान् पिढ्या गाणेही याच वाटांनी वरखाली होत आले आहे.

घाटमाथ्यावरच्या या टापूत कोणती भाषा कोणाची, हा वाद १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चालत आला आहे. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल झाला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. आज सांगायची आहे ती निराळीच हकीकत. बेळगावात जन्मलेल्या एका गायिकेचा मुलगा आणि जन्मतः कोणत्याच देशाचा नागरिक नसलेला एक नॉर्वेजियन सॅक्सोफोनवादक यांची गाठ कशी पडली, आणि त्या हकीकतीतून आपण किनाऱ्यावरच्या माणसांनी काय घ्यावे, हा आजचा विषय आहे.

बेळगावची भानुमती

शोभा गुर्टू हे नाव ठुमरी-दादरा ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. १९२५ साली बेळगावात जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर या नृत्यात निपुण, आणि गाण्यात उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. शिरोडकर हे आडनाव उच्चारले की गोव्याच्या आणि कोकणच्या वाचकाला आपल्याच अंगणातले काहीतरी आठवते, ते उगाच नव्हे. भानुमतीने प्रथम कोल्हापुरास अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्यापाशी तालीम घेतली. पुढे घम्मन खाँसाहेबांकडून तिला ठुमरी आणि दादरा मिळाला. विवाह बेळगावातच झाला. सासरे पंडित नारायण नाथ गुर्टू पोलीस खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. परंतु घरी सतार वाजविणारे आणि विद्येचे व्यासंगी. अशा घरात सून गाणारी असणे ही अडचण नव्हती, भूषण होते.

येथे क्षणभर थांबून पाहावे. गायकीचे मूळ राजस्थान आणि उत्तर हिंदुस्थानात, तालीम कोल्हापुरात, जन्म बेळगावात, माहेरचे आडनाव किनाऱ्यावरचे, सासरचे आडनाव काश्मिरी, आणि कीर्ती मिळाली ती पूरबकडच्या ठुमरीने. यांतले नेमके कोणते गाणे शोभाबाईंचे 'स्वतःचे' म्हणावे? उत्तर सोपे आहे. सगळेच. १९८७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला, २००२ मध्ये पद्मभूषण मिळाले, आणि २००४ च्या सप्टेंबरात त्या मुंबईत निवर्तल्या.

त्यांचे पुत्र त्रिलोक गुर्टू यांचा जन्म १९५१ चा, मुंबईचा. लहानपणी तबला शिकलेला हा मुलगा विशीत पाश्चात्त्य तालवाद्यांकडे वळला, आणि १९७० च्या दशकात युरोपात गेला. खुर्चीवर बसून वाजवायचे ड्रम त्याने जमिनीलगत मांडले आणि अर्धवट गुडघ्यांवर बसून वाजवू लागला. पाण्याच्या बादलीत झांज बुडवून तिचा नाद वळविण्याची त्याची रीत युरोपातल्या रसिकांना आजही नवलाची वाटते. तबल्याचे बोल तोंडाने म्हणत तो ड्रम वाजवितो, तेव्हा यातले देशी कोणते आणि विदेशी कोणते हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उरत नाही.

हा त्रिलोक १९८४ च्या सप्टेंबरात नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे एका ध्वनिमुद्रणासाठी बसला होता. व्हायोलिनवर दक्षिणेचे एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, इतर तालवाद्यांवर त्रिलोक, आणि सॅक्सोफोनवर यान गार्बारेक. 'साँग फॉर एव्हरीवन' या नावाने ती तबकडी पुढच्या वर्षी बाहेर पडली. तिच्यावरच्या चार नावांपैकी तीन आपल्या परिचयाची आहेत. चौथ्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

मीसेनचा मुलगा

यान गार्बारेकचा जन्म ४ मार्च १९४७ रोजी नॉर्वेमधील मीसेन या लहानशा गावी झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नॉर्वे बळकावला, तेव्हा ठिकठिकाणचे युद्धकैदी मजुरीसाठी तेथे आणून ठेवले होते. त्यांतच यानचे वडील होते, ते पोलंडचे. आई नॉर्वेजियन शेतकऱ्याची मुलगी. युद्ध संपले, कैदी सुटला, पण परत गेला नाही. तेथेच संसार थाटला. मात्र कायद्याच्या दृष्टीने बाप परका होता, म्हणून नॉर्वेच्या भूमीवर नॉर्वेजियन आईच्या पोटी जन्मलेल्या मुलालाही त्या देशाचे नागरिकत्व आपोआप मिळाले नाही. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत यान गार्बारेक कोणत्याच देशाचा नव्हता.

ज्यांची भाषा एका राज्याची आणि सातबाराचा उतारा दुसऱ्या राज्याचा, त्यांना या गोष्टीचा अर्थ फोड करून सांगावा लागू नये.

पुढे ऑस्लोत वाढलेल्या या मुलाने वयाच्या चौदाव्या वर्षी रेडिओवर अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ऐकला. हे साल १९६१. घरात संगीताची परंपरा नाही, गुरू नाही, वाद्यही नाही. वाद्य हाती येण्याआधी त्याने पुस्तकावरून बोटांच्या जागा पाठ केल्या, असे सांगतात. आपल्याकडे एकलव्याची कथा आपण मुलांना सांगतो. येथे द्रोणाचार्याची मातीची मूर्तीही नव्हती, होता तो एक छापील तक्ता. एका वर्षात, १९६२ साली, हौशी जॅझवादकांच्या स्पर्धेत त्याने पारितोषिक मिळविले.

सॅक्सोफोन हे वाद्य तसे कोणाच्याच मातीतले नव्हे. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स याने ते घडविले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे एकाधिकारपत्र घेतले. लष्करी बँडसाठी घडविलेले हे वाद्य अमेरिकेत गेले आणि तेथल्या कृष्णवर्णीयांनी त्यातून आपले दुःख आणि आपला उल्हास बोलून दाखविला. कोल्ट्रेन हा त्यांतला शिरोमणी. त्याचे कान पुन्हा हिंदुस्थानाकडे लागलेले; पंडित रविशंकरांच्या वादनाने तो इतका भारावला होता की १९६५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. तेव्हा नॉर्वेच्या थंडीत रेडिओला कान लावून बसलेल्या पोराच्या कानी जे पडले, त्यात आपल्याकडच्या रागसंगीताची झुळूक आधीच मिसळलेली होती.

यानंतर त्याला दोन गुरू लाभले; दोघेही अमेरिकन आणि दोघेही कृष्णवर्णीय. पहिला जॉर्ज रसेल. हा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्कँडिनेव्हियात येऊन राहिला होता. पाश्चात्त्य संगीतातील स्वरसंघांच्या मांडणीऐवजी स्वरसप्तकाला प्राधान्य देणारी एक उपपत्ती त्याने १९५३ साली मांडली होती. तिच्या मुळाशी असलेले लिडियन सप्तक म्हणजे तीव्र मध्यमाचे सप्तक, आपला कल्याण थाट. यमन गुणगुणणाऱ्या वाचकाला हे सप्तक परके वाटण्याचे कारण नाही. रसेलच्या वाद्यवृंदात तरुण गार्बारेक वाजवू लागला आणि त्याचे नाव नॉर्वेबाहेर गेले.

दुसरा गुरू तुतारीवादक डॉन चेरी. त्याने गार्बारेकला काही शिकविले म्हणण्यापेक्षा एक प्रश्न विचारला, असे म्हणणे अधिक योग्य. तुमच्या देशाचे लोकसंगीत कुठे आहे, ते तुमच्या वादनात का नाही, हा तो प्रश्न. कोल्ट्रेनची हुबेहूब नक्कल करण्यात धन्यता मानणाऱ्या तरुणाला हा प्रश्न एका अमेरिकनाने विचारावा, यातच सर्व काही आले. आपल्या दारातली विहीर पाहुण्याने दाखवावी तसे हे झाले.

विहीर दाखविल्यावर

नॉर्वेचे लोकसंगीत म्हणजे काय? डोंगरातल्या उन्हाळी कुरणांवरून गुराखिणी गुरांना घालीत ती लांब साद. लग्नाच्या वरातीत वाजायच्या चाली. शतकानुशतके तोंडी चालत आलेली कथागीते. आणि उत्तरेकडील सामी लोकांचे, बाहेरच्यांनी दीर्घकाळ हिणविलेले गायन. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या अमलाखाली होता आणि त्यानंतर १९०५ पर्यंत स्वीडनशी जखडलेला. त्या दीर्घ कालखंडात शहरांची भाषा आणि शहरांचे संगीत बाहेरून आले; गावांतले मागे राहिले. आजही त्या देशात लेखनाच्या दोन मान्य भाषा आहेत, आणि त्यांपैकी खरी कोणती यावर पिढ्यान् पिढ्या वाद झाले आहेत. १९६७ चा जनमत कौल आणि १९८७ चा राजभाषा कायदा ज्यांनी अनुभवला, त्या गोमंतकीयांना हेही फोडून सांगायला नको.

गार्बारेकने या वादात कोणाची बाजू घेतली नाही. त्याने सूर घेतला. १९७० च्या दशकाच्या आरंभीच्या 'ट्रिप्टिकॉन' या तबकडीवर लग्नाच्या वरातीची एक जुनी चाल त्याने सॅक्सोफोनवर वाजविली. पुढे १९८९ साली 'रोसेन्सफोले' या तबकडीवर आग्नेस बुएन गार्नोस या लोकगायिकेने मध्ययुगीन नॉर्वेजियन गीते गायिली आणि त्यांना वाद्यांचा साज गार्बारेकने चढविला. १९९३ च्या 'ट्वेल्व्ह मून्स' मध्ये सामी गायिका मारी बोइने हिचा आवाज त्याने आपल्या वादनाशेजारी आणून बसविला. ज्यांना शहराने मागच्या रांगेत बसविले होते, त्यांना त्याने पुढच्या रांगेत बोलाविले.

त्याचे वादन ऐकताना पहिल्याने ध्यानात येतो तो आवाजाचा जात्याच लांबवर पोचणारा गुण. सॅक्सोफोनचा नेहमीचा घोगरा, मांसल आवाज येथे नाही. सूर सरळ, धारदार आणि उघडा. एका कड्यावरून घातलेली साद दुसऱ्या कड्यावर पोचावी तसा. तो थोडे सूर वाजवितो आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवतो. ऐकणाऱ्याला वाटते, वाजविणारा थांबला नाही, वाट पाहतो आहे. तालमीत तयार झालेल्या आपल्याकडच्या श्रोत्याला ही जागा सोडण्याची रीत ओळखीची वाटेल. आलापीत सुरांइतकेच सुरांमधले मौन बोलते, हे आपण जाणतो.

१९६९ साली म्युनिक येथे मानफ्रेड आयशर यांनी ईसीएम ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. १९७० साली तिने गार्बारेकची 'आफ्रिक पेपरबर्ड' ही तबकडी काढली, आणि तेव्हापासून गार्बारेकने तिची साथ सोडली नाही. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट यांच्या युरोपीय चौकडीतही तो होता. १९७४ मधील 'बिलाँगिंग' हे त्या चौकडीचे पहिले फळ. 'डिस' या १९७६ च्या तबकडीवर तर वाऱ्याने वाजणाऱ्या तारांचे एक वाद्य आणि गार्बारेकचा सॅक्सोफोन यांचा संवाद आहे. अशी एकामागून एक तबकड्यांची नावे देत बसलो तर स्तंभ अपुरा पडेल. परंतु दोन ध्वनिमुद्रणे अशी आहेत, की त्यांच्याविना ही हकीकत पुरी होत नाही.

एक सीमा, एक प्रार्थना

पहिले १९९० सालचे. ऑस्लोतच गार्बारेकने पाकिस्तानातील पतियाळा घराण्याचे गायक उस्ताद फतेह अली खाँ यांच्यासमवेत ध्वनिमुद्रण केले. तबल्यावर शौकत हुसेन होते, सारंगीवर नाझिम अली खाँ होते, ड्रमवर फ्रान्सचा मानू काचे. 'रागाज अँड सागाज' हे तिचे नाव. राग आपले, सागा म्हणजे नॉर्वेच्या बाजूच्या जुन्या वीरकथा. गार्बारेकचा जन्म १९४७ च्या मार्चचा. त्याच वर्षीच्या ऑगस्टात फाळणी झाली आणि पतियाळ्याच्या दरबाराशी पिढीजात नाते असलेल्या फतेह अली खाँच्या कुटुंबाला लाहोर गाठावे लागले. एकाला जन्मताच देश मिळाला नाही. दुसऱ्याचा देश पायाखालून सरकला. या दोघांनी एकत्र बसून गायिले-वाजविले. त्यात सॅक्सोफोन गवयाची पाठ सोडीत नाही आणि पुढेही धावत नाही. संगतकाराचा विवेक पाळतो. जुगलबंदीच्या नावाखाली परस्परांवर कुरघोडी करण्याची जी खोड आपल्या मैफलींत बोकाळली आहे, तिच्या पार्श्वभूमीवर हा विवेक मोलाचा आहे.

दुसरे १९९३ चे. ऑस्ट्रियातील सेंट गेरोल्ड या डोंगरातल्या मठात हिलियर्ड आन्साँब्ल या चार इंग्रज गायकांच्या संचाने जुनी लॅटिन प्रार्थनागीते गायिली आणि गार्बारेकने त्यांच्या भोवती सॅक्सोफोन फिरविला. 'ऑफिसियम' या नावाने १९९४ मध्ये बाहेर पडलेल्या या ध्वनिमुद्रणाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्याचा आरंभ होतो तो क्रिस्तोबाल दे मोरालेस या सोळाव्या शतकातील स्पॅनिश रचनाकाराच्या एका शोकप्रार्थनेने. त्याच शतकात, त्याच आयबेरियन द्वीपकल्पातून चर्चसंगीत गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. जे संगीत आपल्याकडे राज्यकर्त्यांच्या जहाजांतून आणि बऱ्याच दुःखद आठवणींसह आले, त्याच्याच कुळातले संगीत येथे निःशस्त्र होऊन कानी पडते.

या दोन्ही प्रयोगांवर आक्षेप झाले नाहीत असे नाही. प्राचीन प्रार्थनेत सॅक्सोफोन म्हणजे देवळात चपला घालून जाणे, असे मानणारे जाणकार युरोपातही आहेत. जॅझच्या जुन्या भक्तांना गार्बारेकच्या वादनात जॅझचा ठेका आणि घाम सापडत नाही. त्यांना ते थंड आणि अतिशुद्ध वाटते. त्याच्या अनुकरणातून निघालेले, कानाला गुदगुल्या करणारे आणि मनाला स्पर्श न करणारे 'मिश्रसंगीत' आज हॉटेलांच्या लिफ्टमध्ये ऐकू येते, तोही दोष काहीजण त्याच्या माथी मारतात. आक्षेपांत तथ्य आहे. दोन गोष्टी शेजारी ठेवल्याने संगम होत नाही. बऱ्याचदा चिखल होतो. तथापि ज्याने चाळीस-पन्नास वर्षे एका सुराचा पाठपुरावा केला, त्याला त्याच्या नकलाकारांवरून जोखणे न्यायाचे नव्हे.

वर्तुळ येथे पुरे होते. १९८८ साली त्रिलोक गुर्टूने स्वतःच्या नावाची पहिली तबकडी काढली. तिचे नाव 'उसफ्रेट'. तिच्यावर आवाज आहे तो शोभा गुर्टू यांचा, आणि तुतारी आहे ती डॉन चेरीची. गार्बारेकला ज्याने त्याच्या दारातली विहीर दाखविली, तोच चेरी बेळगावच्या ठुमरीगायिकेच्या शेजारी उभा राहून वाजवितो आहे. घरची विहीर तर त्रिलोकला ठाऊकच होती. त्याने आईलाच बोलाविले. आणि गेल्या काही वर्षांत, पंचाहत्तरी ओलांडलेला गार्बारेक युरोपच्या दौऱ्यांवर निघतो तेव्हा त्याच्या संचात तालवाद्यांवर असतो तो हाच त्रिलोक.

आपल्या किनाऱ्याचे काय?

आता आपल्या दाराकडे वळू. सॅक्सोफोन आपल्या किनाऱ्याला नवा नाही. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन शिकलेली गोमंतकीय मुले मुंबईस गेली, आणि हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संयोजक प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ साली हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा त्यांनी मोठा प्रयत्न केला. १९७७ च्या एका चित्रपटगीतातून त्यांचे नाव देशभर गाजले. पण ते नाव खऱ्या माणसाचे आहे हे गाणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते? मडगावच्या बोर्डा भागातले क्रिस पेरी तुतारी आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवीत, गीते रचीत. लोर्ना यांनी गायिलेल्या त्यांच्या कोंकणी गीतांनी घरोघर जागा मिळविली, आणि १९७७ चा 'भुयारांतलो मुनीस' हा पहिला रंगीत कोंकणी चित्रपट त्यांनीच काढला. २००२ साली ते वारले.

आपल्या मराठी वाचणाऱ्या हिंदू घरांत केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची नावे देवघरातल्या नावांसारखी घेतली जातात, आणि ती घ्यावीतच. पण त्याच घरांत क्रिस पेरी हे 'त्यांचे' मानले गेले. लग्नाच्या वरातीत बँड चालला, तियात्रातला बाजा कौतुकाने ऐकला. परंतु संगीत म्हणून त्याची गणना आपण केली नाही. पलीकडेही तेच. पियानो शिकणाऱ्या मुलाला शेजारच्या देवळातले आरत्यांचे ताल ठाऊक नसतात. एकाच वाड्यावर दोन संगीते राहतात आणि एकमेकांना ओळख दाखवीत नाहीत.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की शुद्ध म्हणायचे ते कशाला? केसरबाई आणि मोगूबाई यांची गायकी जयपूर-अत्रौलीची; ती या किनाऱ्यावर आणली ती उनियाऱ्याहून कोल्हापुरास आलेल्या एका मुसलमान उस्तादाने. भजनातली पेटी युरोपातून आली. तिच्यावर आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके बंदी घातली होती, तरी देवळातल्या भजनी मंडळींनी ती काही खाली ठेवली नाही. कर्नाटक संगीतातले व्हायोलिन परदेशीच. आणि घुमट? मातीच्या मडक्याला पूर्वी घोरपडीचे कातडे मढवून केले जाणारे हे वाद्य चतुर्थीच्या आरतीतही घुमते आणि ख्रिस्ती घरांतल्या मांडोलाही साथ देते. गोवा सरकारने २०१९ मध्ये त्याला वारसा-वाद्याचा मान दिला. ज्या मातीने घुमट दिला, तिने दोन्ही घरांना एकच ठेका दिला होता.

आणि परके वाद्य आपलेसे कसे करावे याचा धडा घ्यायला नॉर्वेलाही जाण्याचे कारण नाही. याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेस, बंटवाळ तालुक्यातील सजीपमूड येथे १९४९ साली कद्री गोपालनाथ जन्मले. वडील नागस्वर वाजविणारे. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये मुलाने सॅक्सोफोन ऐकला आणि त्याच्या मागे लागला. किल्ल्या दाबून ठरावीक स्वर देणाऱ्या या वाद्यातून कर्नाटक संगीतातील गमक काढायला त्यांना सुमारे वीस वर्षे लागली. १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्स महोत्सवात कर्नाटक संगीत वाजविण्याचा पहिला मान त्यांना मिळाला. २००४ साली पद्मश्री मिळाली. २०१९ च्या ऑक्टोबरात ते गेले, तेव्हा सॅक्सोफोन हे दक्षिणेच्या मंदिरोत्सवांतले घरचे वाद्य झाले होते. गार्बारेकने अमेरिकन वाद्यातून गुराखिणीची साद काढली. गोपालनाथांनी त्याच वाद्यातून नागस्वर काढला. दोघांची वाट एकच, दिशा तेवढ्या आपापल्या गावच्या.

मग करावे काय? मागणी मोठी नाही. पणजीच्या कला अकादमीत भारतीय संगीताचे आणि पाश्चात्त्य संगीताचे असे दोन्ही विभाग एकाच संस्थेत आहेत. एका विभागाच्या विद्यार्थ्याने वर्षातून काही दिवस दुसऱ्या विभागाच्या वर्गात बसावे, एवढा नियम करायला खर्च येत नाही. बेळगावच्या संगीतप्रेमी मंडळींनी शोभा गुर्टू यांचे स्मरण करताना त्रिलोकच्या कामाचीही ओळख शाळकरी मुलांना करून द्यावी. आकाशवाणीने कधीतरी, एका रात्री, ठुमरीनंतर एखादी क्रिस पेरींची चाल आणि तिच्यानंतर गार्बारेकची एक साद ऐकवावी. नॉर्वेच्या त्या चौदा वर्षांच्या मुलाचे आयुष्य बदलले ते रेडिओवरच्या काही मिनिटांनी. कोणत्या घरात कोणता मुलगा कान देऊन बसला असेल, हे आधी कुणाला सांगता येत नाही.

सीमा कागदावर असतात आणि त्यांचे परिणाम पोटावर होतात. त्या खोट्या आहेत असे म्हणणे हा सीमेवरच्या माणसाचा उपहास ठरेल. यान गार्बारेकला सातव्या वर्षी नागरिकत्वाचा कागद मिळाला, तो त्याला हवाच होता. पण नॉर्वेचा सूर त्याला त्या कागदाने दिला नाही. तो त्याने ऐकून, शोधून, परक्यांच्या हाताला धरून मिळविला. मच्छ्याच्या रस्त्यावर कोणत्या भाषेची पाटी असावी याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर त्या रस्त्याने गाणे वर चढावे आणि खाली उतरावे, आणि आपण दोन्ही बाजूंनी कान उघडे ठेवावेत. ते कोणत्याही न्यायालयाच्या निकालावाचून आज आपल्या हाती आहे.